संगणकाच्या जाळ्याची राखण : फायरवॉलसंबंधी निवेदन

(वार्षिक सभेत व्यवस्थापनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही खाटा, शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण विभाग आणि जमाखर्च यांविषयी निवेदन करीत असतो. ते सर्व आकडे अहवालाच्या पुढील पृष्ठांवर दिलेले आहेत. या वेळी मात्र खर्चाच्या बाजूस असलेल्या एकाच बाबीविषयी विस्ताराने बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्ष महोदयांकडून मागून घेतली आहे. ‘फायरवॉल व वार्षिक नूतनीकरण’ अशी ती बाब आहे. मागील सभेत एका देणगीदारांनी तिच्यासंबंधी रास्त प्रश्न विचारला होता. ज्या पैशांत प्रसूतिकक्षासाठी एखादे उपकरण आले असते, तो पैसा कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या एका पेटीवर दरसाल का खर्च व्हावा, असा तो प्रश्न होता. त्या वेळी आम्ही दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे गेलो. ते उत्तर आमचेच आम्हांस समाधानकारक वाटले नव्हते.

आरंभीच सांगावयास हवे की आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. संगणकाचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. जे काही समजले ते आपल्या रुग्णालयाच्या तंत्रज्ञांशेजारी बसून, पुन्हा पुन्हा विचारून आणि काही अंशी स्वतःच्या चुकीतून समजले. ती चूकही आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

आपल्या रुग्णालयात आज केसपेपर निघतो तो संगणकावर. रक्त तपासणीचा अहवाल, औषध दुकानातील साठा, एक्स-रे आणि सी.टी. स्कॅनच्या प्रतिमा, डिस्चार्जचे बिल, कर्मचाऱ्यांचे पगार, हे सारे एकाच जाळ्यात गुंफलेले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली रुग्णावर उपचार करावयाचे तर त्यांची पूर्वमंजुरी इंटरनेटवरूनच मागवावी लागते. तलासरीच्या आपल्या केंद्रातील नोंदीही त्याच वाटेने डहाणूस येतात. हे जाळे ज्या एका ठिकाणी बाहेरच्या इंटरनेटला जोडलेले आहे, त्या ठिकाणी बसविलेला पहारेकरी म्हणजे फायरवॉल.

बाहेरच्या जगाला आपले रुग्णालय केवळ एका क्रमांकाच्या रूपाने दिसते. त्या एका पत्त्याला ६५,५३५ दारे असतात. तंत्रज्ञ त्यांना पोर्ट म्हणतात. कोणत्या कामासाठी कोणते दार, हे बहुतांशी ठरलेले आहे. सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३, विंडोजवरील फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर उघडण्यासाठी ४४५, दूर बसून दुसऱ्याचा संगणक चालविण्यासाठी ३३८९, वैद्यकीय प्रतिमांच्या देवाणघेवाणीसाठी १०४. पहाऱ्याचा मूळ नियम असा, की आतून कोणी बाहेर विचारणा केली तर तिचे उत्तर तेवढे आत येऊ द्यावे आणि न बोलावता आलेल्यास दाराशीच थांबवावे. जे स्पष्टपणे मंजूर केलेले नाही ते नामंजूर समजावे. खर्चाच्या मंजुरीस आपण लावतो तोच हा नियम असल्याने आम्हांस तो समजण्यास अडचण पडली नाही.

डहाणूसारख्या गावातील धर्मादाय रुग्णालयावर कोण कशाला हल्ला करील, असे विश्वस्तांपैकी काहींस वाटत असे. आम्हांसही वाटत असे. या समजुतीस उत्तर देणारी एक गोष्ट वाचनात आली. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये असे साधन तयार केले की एकाच संगणकावरून इंटरनेटवरील सर्व पत्त्यांचे कोणतेही एक दार उघडे आहे की बंद, हे ४५ मिनिटांच्या आत पाहता येते. त्यांचा हेतू अभ्यासाचा होता. इतरांचा तसा नसतो. म्हणजे आपला पत्ता शोधून काढण्यासाठी कोणास डहाणू हे नाव ठाऊक असण्याचीही गरज नाही. दारे चाचपडत जाणारी यंत्रे क्रमाने सर्वांकडे जातात, त्यांत आपणही येतो. नवी फायरवॉल बसविल्यानंतर पहिल्याच रात्रीच्या नोंदी तंत्रज्ञांनी आम्हांस दाखविल्या. ३३८९ आणि ४४५ या दारांवर रात्रभर थाप पडत होती. एकामागून एक वेगवेगळ्या पत्त्यांवरून, आणि सकाळ झाली तरी थांबत नव्हती. पुढे कळले की यात विशेष काही नाही, सर्वत्र असेच असते.

आता आपल्याकडे चोरण्यासारखे काय आहे? पैसा फारसा नाही, हे ताळेबंद पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवरून येणाऱ्या कुटुंबांनी आपल्या स्वाधीन केलेली माहिती आहे. सिकलसेल आजाराचे उदाहरण घ्यावे. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि आदिवासी भागात या तपासणीचे महत्त्व सांगावयास नको. तपासणीत एखादी मुलगी ‘वाहक’ आढळली तर ती आजारी नसते. तथापि लग्न जुळविताना ही गोष्ट चारचौघांत गेली तर तिचे काय होते, हे आपल्या परिचारिकांनी पाहिलेले आहे. क्षयरोगाचे तसेच. एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीची माहिती गुप्त राखण्याचे बंधन तर २०१७ च्या कायद्यानेच घातलेले आहे. ज्या मातेने बाकावर बसून आपल्या मुलीचे रक्त काढू दिले, तिने फायरवॉल हा शब्द ऐकलेलाही नसेल. ती आमच्या भरवशावर घरी गेली.

आता प्रत्यक्ष घडलेल्या काही घटना.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. संगणकातील फायली कुलूपबंद करून तो किल्लीसाठी पैसे मागत असे. तो आत शिरला तो मुख्यतः वर सांगितलेल्या ४४५ क्रमांकाच्या दाराने. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टांपैकी किमान ८१ ट्रस्टांना त्याचा फटका बसला आणि रुग्णांच्या ६,९१२ भेटी रद्द झाल्याचे निश्चितपणे मोजले गेले. प्रत्यक्षातील संख्या १९,००० च्या वर असावी असा अंदाज होता. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल प्रसिद्ध केला. लेखापरीक्षकांचा अहवाल असल्याने आम्ही तो इतर कागदांपेक्षा अधिक आवडीने वाचला. दोष दुरुस्त करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे दोन महिने आधी दिलेली होती. अनेकांनी ती बसविली नव्हती. पुढे लेखापरीक्षक म्हणतात की सुधारणा बसविलेली असो वा नसो, इंटरनेटच्या बाजूची फायरवॉल नीट व्यवस्थापित केली असती तरीही या संस्था वाचल्या असत्या. येथे आम्ही थांबलो. त्या संस्थांकडे फायरवॉल नव्हती, असे अहवाल म्हणत नाही. उणीव होती ती व्यवस्थापनाची, आणि व्यवस्थापन हे तर आमचे काम.

दुसरी घटना आपल्या राज्याची. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभरातील सुमारे २,३०० प्रतिमा-सर्व्हर तपासले. एक्स-रे, सी.टी., एम.आर.आय. यांच्या प्रतिमा ज्या संगणकांवर साठवल्या जातात ते हे सर्व्हर. त्यांपैकी जवळजवळ सहाशे कोणासही पासवर्डशिवाय पाहता येतील असे उघडे पडलेले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये भारतासंबंधीचे आकडे वृत्तपत्रांत आले, तेव्हा राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नाव सर्वांत वर होते : तीन लाखांहून अधिक नोंदसंच आणि त्यांतून दिसणाऱ्या जवळजवळ सात कोटी प्रतिमा. या प्रतिमा मिळविण्यासाठी कोणी कुलूप फोडले नव्हते. दार आतल्याच कोणीतरी उघडे ठेवले होते, आणि ते उघडे आहे हे विसरले गेले होते.

ती बातमी वाचून आम्ही हळहळलो आणि वृत्तपत्र घडी करून ठेवले. दीड वर्षाने आम्ही स्वतः तेच केले.

२०२१ च्या पावसाळ्यातील ती रात्र. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर तलासरीनजीक झालेल्या अपघातातील एका तरुणास डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत आपल्याकडे आणले गेले. सी.टी. स्कॅन झाला. आपल्याकडे रात्री क्ष-किरणतज्ज्ञ नसतात. प्रतिमा मुंबईतील तज्ज्ञांकडे पाठवून त्यांचे मत घेतले जाते. त्या तज्ज्ञांनी नुकतीच आपली व्यवस्था बदललेली असल्याने त्यांचा संगणक आता आपल्या सर्व्हरवरून प्रतिमा स्वतः ओढून घेऊ पाहत होता, आणि आपली फायरवॉल त्यांस आत येऊ देत नव्हती. तंत्रज्ञ घरी होते. दूरध्वनीवर त्यांनी विचारले की तज्ज्ञांच्या संगणकाचा नेमका पत्ता कळला तर तेवढ्यापुरतेच दार उघडता येईल. पत्ता कोणास सांगता येईना. डॉक्टर घाई करीत होते आणि त्यांची घाई योग्यच होती. तेव्हा आम्ही तंत्रज्ञांना म्हणालो, “सर्व उघडून टाका, सकाळी पाहू.” दहा मिनिटांत प्रतिमा मुंबईस पोचल्या, मत आले, आणि पहाटे त्या तरुणास शस्त्रक्रियेसाठी पुढे रवाना करता आले. तो बरा झाल्याचे त्याच्या वडिलांनी नंतर येऊन सांगितले.

सकाळी कोणी पाहिले नाही. सकाळी जनरेटरचा प्रश्न होता, दुपारी योजनेचे लेखापरीक्षण होते. फायरवॉलच्या यादीत सर्वांत वर ‘तात्पुरता’ या शीर्षकाचा तो नियम तसाच राहिला. येथे एक बारकावा सांगावा लागेल. फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि जो पहिला लागू पडेल तोच पाळते. त्याखालचे पाहत नाही. म्हणून सर्वांना प्रतिमा-सर्व्हरवर येऊ देणारा तो एक नियम वर असेपर्यंत त्याखालील काळजीपूर्वक केलेले निर्बंध त्या सर्व्हरपुरते निरुपयोगी होते. पेटी चालू होती, हिरवा दिवा लागलेला होता, नूतनीकरणाचे पैसे वेळेवर भरलेले होते.

हा नियम आमच्या निदर्शनास आला तो डिसेंबर २०२२ मध्ये, आणि तोही दुसऱ्याच्या संकटामुळे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि सुमारे दोन आठवडे त्या विशाल रुग्णालयाचे कितीतरी काम हाताने, कागदावर चालले. त्या संस्थेशी आपली बरोबरी करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु शासनाने संसदेत जे कारण सांगितले ते लहानमोठ्या सर्वांस सारखेच लागू पडणारे होते : जाळ्याचे योग्य प्रकारे विभाग पाडलेले नव्हते. हे वाचल्यावर आम्ही तंत्रज्ञांस बोलावून आपल्या फायरवॉलचे सर्व नियम कागदावर छापून मागितले. पहिल्याच ओळीवर ‘तात्पुरता’ हा शब्द होता.

त्या सुमारे सतरा महिन्यांत कोणी त्या दाराने आत आले होते काय? हा प्रश्न उपस्थित नातेवाइकांच्या मनात आला असेल आणि तो विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. प्रतिमा-सर्व्हरवर गडबड झाल्याची कोणतीही खूण तपासणीत आढळली नाही. मात्र फायरवॉलच्या नोंदी त्या वेळी केवळ सात दिवस राखल्या जात होत्या. त्यामुळे ‘कोणीही आले नाही’ असे प्रतिज्ञेवर सांगण्यासारखा पुरावा आमच्याकडे नाही. सेर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार अशा नोंदी १८० दिवस राखणे आणि हल्ल्याचे वृत्त सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक झालेले होते. तो आदेश आमच्या वाचनात आठ महिन्यांनी आला. ही दिरंगाई आमची आहे; तंत्रज्ञांकडे तिचा दोष जात नाही. ती माहिती विश्वस्त मंडळास त्याच महिन्यात लेखी दिली होती, आज ती सर्वांपुढे ठेवीत आहोत.

त्यानंतर जे केले त्यात सर्वांत उपयोगी गोष्ट बिनखर्चाची ठरली. आम्ही एक नोंदवही घातली. हिशेबनिसास व्हाउचरशिवाय रोकड देता येत नाही. तसे या नोंदवहीत ओळ लिहिल्याशिवाय फायरवॉलमध्ये नियम घालता येत नाही. कोठून, कोठे, कोणते दार, कशासाठी, कोणी मागितले, कोणी मंजूर केले आणि मुदत केव्हा संपते, असे रकाने आहेत. मुदतीचा रकाना रिकामा ठेवण्यास परवानगी नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तंत्रज्ञ यंत्रातील नियम वाचतात आणि आम्ही वहीतील ओळी. बँकेचे पासबुक आणि आपली खतावणी जुळवतात तसेच. पहिल्याच वाचनात ज्यांचा करार कधीच संपला होता अशा एका पुरवठादाराच्या नावे उघडी असलेली दोन दारे सापडली.

काही दारे बंद करताना नाराजी पत्करावी लागली. आवाराच्या कॅमेऱ्यांचे चित्रण मुंबईत घरबसल्या पाहता यावे म्हणून त्यांच्या रेकॉर्डरकडे जाणारे एक दार अनेक वर्षे इंटरनेटवर उघडे होते. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांस रात्री निजण्यापूर्वी आवार एकदा नजरेखालून घालण्याची सवय आहे. रुग्णालयावरील मायेपोटीच ती आहे. परंतु २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातील असे कॅमेरे आणि रेकॉर्डर, कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदलल्यामुळे, लाखोंच्या संख्येने ताब्यात घेऊन इतरांवरील हल्ल्यांस जुंपले होते. आपल्या रेकॉर्डरचा पासवर्डही खरेदीच्या दिवशीचाच होता. दार बंद झाल्याचे समजल्यावर त्यांचा दूरध्वनी आला आणि तो काही गोड नव्हता. आता ते व्ही.पी.एन.मधून, मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक घालून चित्रण पाहतात. दोन मिनिटे अधिक लागतात, हे ते आम्हांस अजूनही ऐकवतात.

सॉफ्टवेअर पुरविणाऱ्यांचेही तसेच. दूर बसून दुरुस्ती करण्यासाठी ३३८९ हे दार सदैव उघडे असावे, असा त्यांचा आग्रह होता. आम्ही नकार दिला. त्यांस गरज पडेल तेव्हा ते कळवितात, त्यांच्या नावाचे स्वतंत्र खाते व्ही.पी.एन.वर चालू केले जाते आणि सायंकाळी बंद होते. यामुळे एकदा महिनाअखेरीस बिलांचे काम तासभर खोळंबले, आणि खिडकीपाशी उभे असलेल्या नातेवाइकांचे बोल आम्ही ऐकून घेतले.

जाळ्याचे विभाग पाडण्याचे काम खर्चाचे होते आणि देणगीतील मोठा वाटा त्यावर गेला. घोलवड-बोर्डीकडची मंडळी हे लगेच ओळखतील. चिकूच्या वाडीस भक्कम कुंपण असले तरी पंपघराला, खताच्या कोठीला आणि राहत्या घराला आपापले कुलूप असतेच; फाटकातून एखादा आत आला म्हणजे सारे घर त्याचे झाले, असे होत नाही. आपल्या जाळ्याचे आता पाच विभाग आहेत : रुग्णनोंदींचा सर्व्हर, प्रतिमा आणि यंत्रे, हिशेब विभाग, कॅमेरे, आणि नातेवाइकांसाठीचे वाय-फाय. पूर्वी प्रतीक्षाकक्षात बसून क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याचा मोबाइल आणि रक्तपेढीच्या नोंदींचा संगणक एकाच जाळ्यात होते, हे आता आठवले तरी कसेसे होते.

यांत यंत्रांच्या विभागाविषयी दोन शब्द अधिक. आपल्या एका क्ष-किरण यंत्राचा संगणक विंडोज ७ वर चालतो. त्या प्रणालीस सुरक्षा-सुधारणा मिळणे १४ जानेवारी २०२० पासून बंद झाले. संगणक बदलावयाचा तर यंत्र बनविणाऱ्यांच्या संमतीने बराच भाग बदलावा लागतो, आणि यंत्र तर उत्तम चालते. असे यंत्र टाकून देणे हा देणगीचा अपव्यय ठरेल. म्हणून ते आडभिंतीमागे ठेवले आहे. प्रतिमा-सर्व्हरकडे जाणारे एक दार सोडल्यास त्यास कोठेही जाता येत नाही, इंटरनेटवर तर मुळीच नाही.

बाहेरून आत येण्यावर निर्बंध असावेत हे कोणासही पटते. आतून बाहेर जाण्यावरही ते असावेत, हे आम्हांस उशिरा उमगले. रुग्णनोंदींच्या सर्व्हरने मध्यरात्री एखाद्या अनोळखी परदेशी पत्त्याशी बोलण्याचे काय कारण? आत शिरलेला प्रोग्राम आपल्या धन्याशी बोलू लागतो तो असाच. त्यामुळे सर्व्हरांना ठरावीक पत्ते सोडून बाहेर जाता येत नाही, आणि त्यांनी तसा प्रयत्न केल्यास तंत्रज्ञांस संदेश जातो. राउटरमधील एक सोय, जिच्यामुळे आतील उपकरणे आपण होऊन बाहेरची दारे उघडून घेऊ शकत असत, तीही बंद केली. खुद्द फायरवॉलच्या सेटिंगचे पान इंटरनेटवरून उघडत नाही; त्यासाठी तंत्रज्ञांच्या खोलीतील एका संगणकावर बसावे लागते.

एवढे करूनही फायरवॉल सर्व काही थोपविते असा समज आम्ही करून देऊ इच्छीत नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या प्रोग्रामने जगभर हाहाकार केला आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही त्यात ठप्प झाले. तो पसरला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून, म्हणजे ज्यास सर्वांनी विश्वासाने दार उघडून दिले होते त्याच्याच हातून. हिशेबाचेच सॉफ्टवेअर निघावे, याचे आम्हांस विशेष वाईट वाटले. आयर्लंडच्या आरोग्यसेवेत १८ मार्च २०२१ रोजी एका कर्मचाऱ्याने ईमेलसोबत आलेली एक्सेलची फाइल उघडली. प्रत्यक्ष हल्ला झाला १४ मे रोजी. मधल्या आठ आठवड्यांत इशारे मिळालेले होते, परंतु त्यांची तड लावली गेली नाही. म्हणून नोंदी आता १८० दिवस राखल्या जातात, आणि त्या रोज वाचल्या जाव्यात यासाठी तंत्रज्ञांचा सकाळचा अर्धा तास राखून ठेवला आहे. त्या वेळेत प्रिंटर बिघडला तरी त्यांस बोलवावयाचे नाही, अशी लेखी सूचना आहे.

सर्व उपाय थकले तर हाताशी राहील ती बॅकअपची प्रत. ही सवय आम्हांस संगणकाने लावलेली नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी आणि तलासरी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले, लोक थंडीत घराबाहेर निजू लागले, तेव्हा सर्व्हर आणि त्याची प्रत एकाच खोलीतील एकाच कपाटात आहेत, हे प्रथम खटकले. त्या वेळेपासून एक प्रत दर आठवड्यास दुसऱ्या इमारतीत, कोणत्याही तारेस न जोडलेल्या डिस्कवर ठेवली जाते. खंडणीखोर प्रोग्राम तारेवाचून तेथे पोचू शकत नाही.

आता त्या २०२१ च्या रात्रीकडे पुन्हा वळतो, कारण आपल्या डॉक्टरांनी आम्हांस स्पष्ट विचारले होते : पुन्हा असा रुग्ण आला आणि फायरवॉल आडवी आली, तर तुम्ही वही शोधत बसणार काय? प्रश्न तिखट होता आणि त्याचे उत्तर द्यावयासच हवे होते. बाहेरच्या तज्ज्ञांचे पत्ते आता आगाऊ नोंदवून त्यांची दारे तपासून ठेवली आहेत, आणि दर महिन्यास एक चाचणी-प्रतिमा पाठवून पाहिली जाते. तरीही अडले, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांना दूरध्वनीवरून दार उघडण्यास सांगण्याचा अधिकार दिलेला आहे. तो नियम यंत्रातच बारा तासांची मुदत घालून लिहिला जातो, मुदत संपताच आपोआप बंद होतो आणि वहीत नोंद दुसऱ्या दिवशी होते. तेही न जमल्यास अपघात विभागात एक लॅपटॉप ठेवला आहे. तो रुग्णालयाच्या जाळ्यास जोडलेला नाही. प्रतिमा सी.डी.वर घेऊन मोबाइलच्या इंटरनेटवरून त्यातून पाठविता येतात. त्या रात्री हे आम्हांस सुचले असते तर सतरा महिन्यांचे ते दार उघडेच पडले नसते. गेल्या पावसाळ्यात हा लॅपटॉप दोनदा वापरला गेला. दोन्ही वेळा कारण फायरवॉलचे नव्हते. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती.

एक काम अपुरे आहे. तलासरीच्या केंद्रात अद्याप साधा राउटरच आहे आणि तेथून डहाणूस येणारी वाट व्ही.पी.एन.ने बांधलेली असली तरी खुद्द त्या केंद्रातील संगणकांपुढे आडभिंत नाही. त्यासाठी लहान फायरवॉल आणि यू.पी.एस. यांचे दरपत्रक मागविले असून ते आजच्या विषयपत्रिकेतील सातव्या विषयासोबत जोडले आहे. ज्या देणगीदारांनी मागील वर्षी प्रश्न विचारला, त्यांनी ते पाहून आपले मत द्यावे, अशी आमची विनंती आहे. नोंदवही सभागृहाबाहेरील मेजावर ठेवली आहे. तिच्यातील पत्ते आणि दारांचे क्रमांक सुरक्षेसाठी झाकले आहेत. कारण, मंजुरी आणि मुदत हे रकाने मात्र कोणासही वाचता येतील.